खानापूरकडचं शेतातलं घर, वडिलांची दुनाळी आणि रात्रीची भीती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नोकरीमुळं तुम्ही बेळगावात, आईवडील खानापूर तालुक्यात जांबोटी रस्त्याकडच्या शेतातल्या घरात. वडील ७४ वर्षांचे, त्यांच्या नावावर शेतसंरक्षणाच्या लायसन्सवर १२ बोअरची दुनाळी (दोन नळ्यांची बंदूक) आहे. जवळपास दोन घरं फुटल्यापासून ते ती भरून खाटेखाली घेऊन झोपतात. मे महिन्यात तुमची मुलं तिथंच असतात. बंदूक कुठं ठेवली म्हणजे वेळेला हाताशी येईल, आणि तुम्ही स्वतः एखादं रिव्हॉल्व्हर घ्यावं का, असं विचारलंय.

रिव्हॉल्व्हरचं आधी संपवतो: नको. कानपूरच्या कारखान्याचं .३२ बोअर मिळतं, पण जिवाला नेमका काय धोका आहे हे कागदावर दाखवावं लागतं आणि ‘भागात चोऱ्या होतात’ एवढं पुरत नाही. ते मिळालं तरी महिन्या-दोन महिन्यांनी सराव केल्याशिवाय दहा पावलांवरही नेम लागत नाही. लहान हत्यार चोराच्या खिशात सहज जातं आणि लहान मुलाच्या हातातही सहज मावतं. लायसन्स तुमचं आणि हत्यार आईवडिलांच्या घरी, हे तर चालतच नाही.

आता दुनाळी. सैन्यात मी आर्मरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा होतो, निवृत्तीनंतर या भागातल्या घरांची आणि पतसंस्थांची कुलपं, कपाटं, कॅमेरे बघतो. सैन्यात हत्यारं ठेवायच्या खोलीला कोत म्हणतात. कोतात हत्यार असतं, दारूगोळा वेगळ्या ठिकाणी असतो, दोन्हींच्या किल्ल्या वेगळ्या आणि रोजची मोजणी वहीत. चोवीस तास पहारा असलेल्या छावणीतसुद्धा एवढा बंदोबस्त करतात. तुमच्याकडं पहारा म्हणजे आई आणि एक कुत्रं.

खाटेखालची भरलेली बंदूक आजच रिकामी करायला सांगा. कारण यंत्रातच आहे. बाहेरून घोडे (काडतुसावरच्या पिनेला ठोका देणारे भाग) दिसत नाहीत अशी दुनाळी भरायला मधून उघडून परत बंद केली की आतले घोडे चढलेले राहतात. वर जो सरकता सेफ्टीचा खटका असतो, तो बहुतेक साध्या बंदुकांत फक्त चाप अडवतो, घोडा अडवत नाही. घोडा अडकवून धरणारा आतला दात झिजलेला असेल तर बंदूक आपटली, खाटेचा पाय लागला, कुत्रं अंगावरून गेलं, एवढ्यानं बार होऊ शकतो. बाहेर घोडे असलेल्या जुन्या बंदुकीत वेगळी अडचण: काही जुन्या घडणीत खाली सोडलेला घोडा थेट पिनवर टेकतो आणि त्यावर बसलेला दणका काडतुसापर्यंत पोचतो. सेफ्टीवर विसंबून भरलेली बंदूक घरात ठेवणं मला मान्यच नाही, मग मालक कितीही मुरलेला असो.

दुसरं, ७४ वर्षांचा माणूस रात्री दोनला दचकून उठतो, चष्मा सापडत नाही, हातात भरलेली बंदूक आणि परड्यात हलणारी सावली. ती सावली चोराची असेल, गोठ्यात बघायला गेलेल्या आईची असेल, नाहीतर न कळवता उशिरा आलेल्या तुमची असेल.

आणि तिसरं, घर रिकामं असताना चोर आला तर खाटेखालची बंदूक त्याला पाच मिनिटांत सापडते. सोन्याइतकीच किंमत तिला चोरबाजारात आहे. ती पुढं कुठं वापरली गेली तर पोलीस आधी तुमच्या वडिलांच्या दारात येतात.

तेव्हा ठेवायची कशी? मजबूत पोलादी कपाट, बंदुकीच्या उंचीचं. खास बंदुकीसाठी बनवलेलं मिळालं तर उत्तम, नाहीतर जाड पत्र्याचं, आतून बिजागऱ्या असलेलं, दोन-तीन ठिकाणी अडकणाऱ्या कडीचं करून घ्या. ऑफिसातलं फायलींचं कपाट चालत नाही. त्याचं दार पहारीनं डब्याच्या झाकणासारखं उघडतं. कपाटाचं वजन किती याला फारसा अर्थ नाही, ते कशाला जखडलंय याला आहे. दोघं माणसं रिकामं कपाट उचलून टेम्पोत टाकतात आणि कुठंतरी माळावर निवांत फोडतात.

इथं आपल्याकडच्या घरांची गोष्ट आली. खानापूर भागात भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभा दगडाच्या, किंवा मातीच्या. सुतार नेहमीच्या सवयीनं ड्रिल मारतो, फासनर ठोकतो आणि ‘घट्ट बसलं बघा’ म्हणतो. जांभा ठिसूळ असतो. पसरणारा बोल्ट आवळला की आतून भुगा होतो, आणि पहार लावली की बोल्ट भिंतीच्या तुकड्यासकट बाहेर. चिऱ्याच्या भिंतीत एक तर रसायनानं चिकटणारे बोल्ट घ्या, नाहीतर आरपार भोक पाडून पलीकडं लोखंडी पट्टी देऊन नट आवळा. पलीकडची बाजू घरातल्याच खोलीत यायला हवी. बाहेरच्या बाजूला नट दिसले तर काय उपयोग? मातीची भिंत असेल तर भिंतीचा नाद सोडा. जमिनीत काँक्रीटचा पाया घालून त्यात आधीच बोल्ट उभे करून घ्या आणि कपाट त्यावर बसवा. हे काम एका दिवसाचं नाही, काँक्रीट मुरायला वेळ द्यावा लागतो.

जागा कुठली? सोप्यात नाही, कारण येणारा-जाणारा प्रत्येक जण बघतो. माळ्यावर तर मुळीच नाही. कौलं उचलून वरून उतरणं हा आपल्याकडं चोरांचा जुना रस्ता आहे, आणि माळ्यावर उतरलेल्या चोराला तिथं कपाट फोडायला अख्खी रात्र मिळते. वडील झोपतात त्या आतल्या खोलीत, दार उघडल्यावर चटकन नजरेला पडणार नाही अशा कोपऱ्यात. बसवणाऱ्या कारागिराला आत काय ठेवणार ते सांगायचं कारण नाही. ‘जमिनीचे कागद’ म्हणा.

कुलूप आकड्यांचं, फिरवायच्या तबकडीचं किंवा यांत्रिक बटणांचं घ्या. बोटाच्या ठशावर चालणारं कपाट दुकानदार आग्रहानं दाखवेल. आयुष्यभर कुदळ, खुरपं धरलेल्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, ओल्या किंवा चिखलाच्या हातानं ते यंत्र उघडत नाही. पावसाळ्यात बॅटरीच्या टोकांना गंज चढतो. किल्लीचं कुलूप असेल तर किल्ली कुठं? चौकटीवर, देव्हाऱ्यात, नाहीतर तांदळाच्या डब्यात. नातवंडांना या तिन्ही जागा पाठ असतात, चोरालाही. आकडा वडिलांना आणि आणखी एकाच माणसाला ठाऊक असावा, आणि तो कुणाचं जन्मसाल किंवा गाडीचा नंबर नसावा. वडिलांना विसर पडायला लागला असेल तर तो वेगळा विषय आहे, त्याबद्दल खाली.

काडतुसं त्याच कपाटात नकोत. वेगळी छोटी तिजोरी, वेगळं कुलूप. किती आहेत ते वहीत लिहा: तारीख, आणली किती, उडवली किती, उरली किती. लायसन्सवर लिहिलेल्या संख्येपेक्षा एकही जास्त नको. आजोबांच्या काळातल्या कागदी नळीच्या काडतुसांचा डबा अजून काही घरांत निघतो. ती पावसाळ्यात फुगतात, नळीत बसत नाहीत किंवा बसून अडकतात. वापरू नका, फेकूही नका, गन हाऊसला (बंदुकांच्या परवानाधारक दुकानाला) विचारून परत द्या. आताची खडकीची प्लॅस्टिक नळीची काडतुसं ओलीला बरी टिकतात, पण बुडाच्या पितळेवर हिरवा थर धरतोच. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि महिन्याला पुड्या बदलायच्या.

ओलीचा मुद्दा शहरातल्या लोकांना कळत नाही म्हणून जरा थांबतो. जांबोटी, कणकुंबीकडं जून ते सप्टेंबर भिंत सुकत नाही. कातडी किंवा कॅनव्हासच्या म्यानात बंदूक घालून ठेवली की म्यान पाणी धरून राहतं आणि दिवाळीला नळीवर तांबूस ठिपके दिसतात. म्यान प्रवासापुरतं. कपाटात बंदूक उघडी, पातळ तेलाचा हात फिरवलेली, नळीचं तोंड खाली करून ठेवावी. तोंड वर ठेवली की तेल ओघळून चापाच्या यंत्रात आणि लाकडात जातं, लाकूड मऊ पडतं. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बाहेर काढून पुसायची. लहान मुलं शाळेत किंवा झोपलेली असताना, आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत बंद असताना.

घरातली सगळी कुठं लग्नाला, जोतिबाला, सौंदत्तीला जाणार असतील तेव्हा दुनाळीचे दोन भाग करा. नळी एका जागी बंद, दस्ता दुसऱ्या जागी. अर्धी बंदूक चोराच्या कामाची नाही. आणि महिनाभर घर बंद राहणार असेल तर सरळ परवानाधारक गन हाऊसमध्ये किंवा पोलीस ठाण्यात जमा करा. पावतीवर बंदुकीचा नंबर आणि स्थिती लिहून घ्या. निवडणुकीला तशीही जमा करायचा हुकूम येतो. जमा करताना नेहमीपेक्षा जाड तेल लावा, कारण ठाण्याच्या खोलीत कुणी पुसायला बसलेलं नसतं, आणि परत आणल्यावर पहिल्यांदा नळीतून उजेड बघा.

गावात अजून ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या बंदुका आहेत, तुमच्याही शेजाऱ्याकडं असेल. डुकरांसाठी संध्याकाळी ठासायची, डुक्कर आलं नाही तर तशीच खुंटीला टांगायची, हा प्रकार मी फार बघितलाय. केप (ठिणगी पाडणारी छोटी टोपी) काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली असं नसतं, दारू आणि छर्रे आतच असतात. कधी कुणीतरी पोरगं केप बसवून बघतं. ठासलेली बंदूक घरात आणायचीच नाही. आणि डुकरांसाठी वाटेवर तार लावून ठेवायची बंदूक किंवा पिठात गुंडाळलेला गावठी बाँब यांच्या वाटेला जाऊ नका. गाईंचे जबडे फाटलेत त्यानं, आणि गुन्हा आहे तो वेगळाच.

आता घर. माझ्या हिशेबानं तुमच्याकडं खर्चाला जेवढे पैसे आहेत त्यातले बहुतेक इथं जायला हवेत. चोर कुलूप फोडत नाही, कोयंडा उपटतो. चांगल्या कंपनीचं भारी कुलूप आणि ते अडकवलंय चार बारीक स्क्रूंवर, असं दहातल्या नऊ दारांवर दिसतं. कोयंड्याला आरपार बोल्ट द्या, आतून वायसर आणि नट. त्याहून बरं, दारात बसणारं आतलं कुलूप लावा. बाहेर लोंबणारं कुलूप म्हणजे घरात कुणी नाही अशी पाटी. पुढचं दार सागवानी आणि परसदार फळ्यांचं, ही आपल्या घरांची रीतच आहे, आणि चोर बहुतेकदा परसदारानंच येतो. त्या दाराला आतून आडवा लोखंडी अडसर द्या, दोन्ही बाजूंना भिंतीत खोल गेलेला. खिडक्यांचे बारीक उभे गज जॅक लावून वाकवतात. आतून सपाट पट्ट्यांची जाळी वेल्डिंग करून घ्या, पण एका खिडकीची आतून उघडणारी ठेवा, आग लागली तर बाहेर पडायला वाट हवी.

कौलांखाली निदान झोपायच्या खोलीला आणि सोन्याच्या जागेला लोखंडी जाळीचं छत द्या.

दिवे: हालचालीवर लागणारे, परड्यात आणि गोठ्याच्या कोपऱ्यावर, सौरऊर्जेचे. हेस्कॉमची वीज पावसाळ्यात कधी जाईल सांगता येत नाही आणि गेली की अख्खी रात्र जाते. कॅमेरा लावणार असाल तर रेकॉर्डरचा डबा टीव्हीशेजारी ठेवू नका. चोर जाताना तो डबाच घेऊन जातो, मग पोलिसांना काय दाखवणार? सिमकार्डवर चालणारा कॅमेरा घेण्याआधी तुमच्या अंगणात मोबाइलला रेंज किती आहे ते बघा, त्या पट्ट्यात अनेक ठिकाणी नाहीच. हातानं दाबायचा मोठा भोंगा मात्र कुठंही चालतो. एक बटण वडिलांच्या उशाशी, एक आईच्या. भोंगा वाजला की शेजारच्या दोन मळ्यांतले लोक दिवे लावून बाहेर येतील एवढं ठरवून ठेवा, आणि त्यांच्यासाठी तुम्हीही याल हेही.

रात्री खरंच कुणी आलं तर क्रम असा. दोघंही आतल्या खोलीत, दार आतून बंद, भोंगा, ११२ ला फोन, आणि मोठ्यानं ओरडून सांगायचं की पोलिसांना कळवलंय. कपाट उघडायचं की नाही ते त्यानंतर. बाहेर जाऊन शोधायचं नाही. चोर पैसा घेऊन पळाला तर पळू दे.

कायदाही साधारण याच बाजूनं आहे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. स्वसंरक्षणाची कलमं तिच्यात ३४ ते ४४. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी घर फोडून कुणी आत शिरला किंवा दरोडा पडला, तर कलम ४१ प्रमाणं मालमत्तेच्या बचावाचा हक्क समोरच्याच्या जिवापर्यंत जाऊ शकतो. पण कलम ३७ त्याला लगाम घालतं: सरकारी मदत मिळण्याइतका वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. घरफोडीतला हक्क घुसखोरी चालू असेपर्यंतच, हे कलम ४३. कुंपण ओलांडून पळणाऱ्याच्या पाठीत छर्रे घातले तर कोर्टात चोर बाजूला राहतो आणि वडील आरोपी होतात. हवेत बार काढायची हौसही नको. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर निष्काळजीपणे किंवा समारंभात बार काढून लोकांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘कोडगूत (कूर्गमध्ये) तर लायसन्सशिवाय ठेवतात’ असं कट्ट्यावर कुणीतरी म्हणेलच. ती सवलत कोडगूच्या लोकांपुरती आहे, आपल्याला नाही.

सीमेवर राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. लायसन्सवर क्षेत्र काय लिहिलंय ते नीट वाचा. शेतसंरक्षणाचं क्षेत्र अनेकदा फार मर्यादित असतं, आणि कर्नाटकापुरतं असेल तर बंदूक शिनोळी-चंदगडात किंवा कोगनोळीपलीकडं कागल-कोल्हापुरात नेणं गुन्हा आहे. आपल्यात कित्येकांची जमीन एका राज्यात आणि घर दुसऱ्या राज्यात. सोयरीक तर दोन्हीकडं असतेच. तुम्हाला ती हद्द जाणवत नसली तरी लायसन्सला जाणवते. दुरुस्तीला कोल्हापूरला नेतो म्हणणाऱ्यांनीही हे बघावं.

आता वडिलांचं वय. लायसन्स त्यांचं आहे, बंदूक ताब्यात ठेवायचा अधिकार त्यांचाच. ते पुण्याला बहिणीकडं तीन महिने गेले आणि बंदूक आईच्या हवाली, हे चालत नाही. तेव्हा जमा करायची. २०१६ च्या शस्त्र नियमांत अशी सोय आहे की परवानाधारकाला ७० वर्षं पूर्ण झाली किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडं असली, की त्याच्या हयातीतच ती कायदेशीर वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो. वारसाला लायसन्स मिळायच्या सगळ्या अटी लागतातच: ए-१ नमुन्यातला अर्ज, पोलीस चौकशी, शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण, सुरक्षित ठेवण्याची हमी. मागे लिहिलेलं कपाट तिथंही उपयोगी पडेल. बेळगाव जिल्ह्यात अर्ज डीसी ऑफिसला, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयाला. कागद कन्नडमध्ये असतो. सही करण्याआधी वाचणाऱ्याकडून एक-एक ओळ समजून घ्या, भाषेच्या वादाची ती जागा नाही.

एक अडचण आधीच सांगतो. घर भीमगड अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत येत असेल तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३४ खाली तिथल्या शस्त्रांची वनखात्याकडं नोंद लागते, आणि मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीशिवाय नवीन लायसन्स देता येत नाही. वडिलांची ती नोंद झालेली आहे का, हा कागद आधी शोधा. आणि शेतसंरक्षण म्हणजे गव्यावर किंवा हत्तीवर बार काढायची परवानगी, असा समज असेल तर तोही काढून टाका.

घरात तुमच्यापैकी कुणालाच नावावर करून घ्यायची नसेल तर विकता येते किंवा सरकारजमा करता येते. यात कमीपणा काही नाही.

विसर पडण्याबद्दल लिहायचं राहिलं होतं. वडील आकडा विसरतात, तीच गोष्ट दोनदा सांगतात, संध्याकाळी घरातलं माणूस ओळखायला गोंधळतात, असं काही दिसत असेल. किंवा घरात कुणी पीत असेल, कर्जानं खचलं असेल, जगण्यात राम नाही असं बोलत असेल, तर वरचं सगळं कपाट-कुलूप बाजूला ठेवा. बंदूक त्या आठवड्यातच गन हाऊसला जमा करा. कुलपाचा आकडा ठाऊक असलेल्या माणसापासून कुलूप काहीच वाचवत नाही. मनानं खचलेल्यासाठी टेली-मानसचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

वडिलांशी बोलताना ‘तुम्हाला आता जमत नाही’ असं म्हणू नका. पायदळात गेलेला असो वा शेतकरी, या वयाच्या माणसाला ते सहन होत नाही. कपाट तुम्ही आणा, पण आकडा त्यांनाच ठरवू दे, आणि काडतुसांची वही त्यांच्याच हातानं लिहू दे. या रविवारी एवढंच करा: बंदूक रिकामी, काडतुसं मोजून लोखंडी ट्रंकेत कुलपात, बंदुकीचा नंबर, लायसन्सचा यूआयएन (ओळख क्रमांक) आणि मुदतीची तारीख यांचा फोटो तुमच्या फोनमध्ये. मुदत पाच वर्षांची असते आणि ती उलटून गेलेली बऱ्याच घरांत कुणाच्या ध्यानातच नसते. परसदाराचा अडसर सोमवारी लोहाराकडं टाका, कपाटाचं काँक्रीट पाऊस लागायच्या आत.